भिलाई : कारखाना आणि नगर

नगरे नदीकाठी वसतात, बाजारपेठेभोवती वाढतात. भिलाईचे आजचे नगर मात्र एका करारातून जन्मले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांनी तो करार केला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, याचे स्मरण आज नागपूरकरांनाही क्वचितच असते! ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

दल्ली-राजहराचे लोहखनिज, तांदुळ्याचे पाणी आणि हावडा-मुंबई लोहमार्ग ही त्रयी येथे जुळली. कारखान्याने पोलादाबरोबर नगरही घडवले : सेक्टरांची आखणी, रुंद सावलीचे रस्ते, शाळा, रुग्णालय, मैत्रीबाग. हे सारे त्याच्याच खर्चाने चालले. सुपेला, कॅम्प या वस्त्या मात्र आखणीबाहेर वाढल्या. बांधकामाला आलेला मजूर काम संपल्यावर परत जाईल, असे नियोजकांनी गृहीत धरले असावे. आम्हा शासकीय मंडळींची ही जुनी चूक आहे.

आज भिलाई २६० मीटर लांबीचे रूळ घडवते. राजहराचे खनिज आटू लागल्याने लोहमार्ग रावघाटाच्या दिशेने वाढवला जात आहे. पण स्पर्धेत टिकण्यासाठी कारखान्याने कायम कामगारांची संख्या घटवत नेली, आणि सेक्टरांतील शाळा व घरे त्याच कामगारांसाठी उभारलेली होती. २०१६ साली स्थापन झालेली आय. आय. टी. येथे आली, तेव्हा भट्टीवाचून भिलाईला येण्याचे एक कारण निर्माण झाले. सेक्टरांतील झाडांना पाणी यापुढे कारखान्याने घालायचे की महानगरपालिकेने, हे मात्र अद्याप ठरायचे आहे.