नामांतर की नामविस्तार?

दरवर्षी १४ जानेवारी जवळ आला की वस्त्यावस्त्यांत बॅनर लागतात. एका चौकात ‘नामांतर दिन’, तर पुढच्या चौकात ‘नामविस्तार दिन’. आमच्या अभ्यासवर्गात दहावीतल्या एका मुलीने विचारले, “यातले बरोबर कोणते?” आम्ही चार कार्यकर्ते बसलो होतो, चौघांची उत्तरे वेगळी निघाली. म्हणून हा लेख.

बदल कुणी मागितला, किती झाला आणि कुठे अडवला गेला, हे सारे बदलाला दिलेल्या शब्दात दडलेले असते. बाबासाहेबांना याची पुरेपूर जाण होती. १९३६ साली मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी मांडले की धर्मांतर हेच खरे नामांतर आहे. ज्या नावाला अस्पृश्यता चिकटली आहे ते टाकायचे, तर त्या व्यवस्थेबाहेर पडावे लागेल. आत राहून नवे नाव घेतल्याने विटाळ सुटत नाही.

त्यांनी आणखी एक जोडी आपल्याला दिली : क्रांती आणि प्रतिक्रांती. त्यांच्या हयातीत अपुरे राहिलेले हे लिखाण १९८७ साली महाराष्ट्र शासनाच्या तिसऱ्या खंडात प्रसिद्ध झाले. बुद्धाची चळवळ ही क्रांती आणि बृहद्रथ मौर्याला मारून पुष्यमित्र शुंगाने सत्ता घेतली तिथून प्रतिक्रांती, अशी ती मांडणी आहे. पण बाबासाहेब राजाच्या खुनापाशी थांबत नाहीत. ते मनुस्मृतीपर्यंत जातात, कारण तिथे उतरंडीला कायद्याचे रूप मिळाले. म्हणजे नुसती सत्ता उलटणे ही प्रतिक्रांती नव्हे. माणसाने मिळवलेला दर्जा हिसकावून त्याला पुन्हा ‘जागेवर’ बसवणे ही प्रतिक्रांती. हे माप हातात ठेवून मराठवाड्याकडे पाहू.

औरंगाबादला १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. मराठवाडा विद्यापीठ आले १९५८ साली. ज्या मातीत शिक्षणाची वाट त्यांनी रुंद केली, तिथल्या विद्यापीठाला त्यांचे नाव द्या, एवढीच मागणी होती. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला. ठराव नामांतराचा होता.

त्यानंतर मराठवाड्यातल्या गावागावांत काय झाले, ते आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या माणसांची घरे जळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारले. त्यांच्या घरातला कुणी कुलगुरू होणार होता का? राग पाटीवरच्या नावाचा नव्हता. काल वेशीबाहेर असलेला आज ताठ मानेने चालतो, याचा होता. बाबासाहेबांच्या मापाने ही प्रतिक्रांतीच.

ठराव कागदावर राहिला. १९७९ साली दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. लाठ्या, तुरुंग, मोर्चे यांत साडेपंधरा वर्षे गेली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. मग १४ जानेवारी १९९४ रोजी घोषणा झाली : ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’. जुने नाव ठेवून त्याआधी नवे नाव जोडले आणि त्याला शब्द दिला ‘नामविस्तार’. विरोधकांना ‘मराठवाडा गेला नाही’ म्हणता आले, आपल्याला ‘बाबासाहेब आले’ म्हणता आले.

विस्तार मात्र नावाचाच झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे झाले आणि नांदेड, परभणी, लातूर हे जिल्हे तिकडे गेले. जिथे पोचीराम कांबळे आणि गौतम वाघमारे यांनी जीव दिला, त्या नांदेड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव नाही.

आणि २०२३ साली औरंगाबाद शहराचे नाव बदलले, तेव्हा वर्तमानपत्रांनी कोणता शब्द वापरला? नामांतर! तिथे जुने नाव सोबत ठेवून ‘विस्तार’ करा, असे सरकारला सुचले नाही. एकाच शहरात एकाच्या वाट्याला अंतर आणि दुसऱ्याच्या वाट्याला विस्तार का, हा प्रश्न आम्ही विचारणारच.

मग नामविस्तार हीसुद्धा प्रतिक्रांती का? आमचे काही मित्र तसे म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. ती तडजोड होती. रक्त सांडून मिळवलेली, अर्धी, पण मिळवलेली. निवडणूक हरलो की प्रतिक्रांती, गट फुटला की प्रतिक्रांती, अशी सवय आपल्याला लागली आहे. प्रत्येक पराभवाला एकच नाव दिले, तर घरे जाळणारा जमाव आणि कागदावरची तडजोड यांतला फरक आपल्याच मुलांना कळणार नाही. आणि फरक कळला नाही, तर कुणाशी लढायचे आणि कुणाशी बोलायचे, हेही कळणार नाही.

त्या मुलीला आम्ही पुढच्या रविवारी उत्तर दिले. लढा नामांतराचा होता, मिळाला तो नामविस्तार. बॅनरवर दोन्ही शब्द लिही, आणि मधल्या साडेपंधरा वर्षांत कोण मेले, त्यांची नावे त्याखाली लिही.

जयभीम!