ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांचे मत टिकले : ब्यूफर्ट काउंटीचा इतिहास

जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपण दर ११ एप्रिलला सांगतो. त्या मुक्त झालेल्या गुलामांचे पुढे काय झाले, हे मात्र आपल्या व्याख्यानांत क्वचितच येते. बाबासाहेबांनी तो प्रश्न विचारला होता. काँग्रेस आणि गांधी यांच्यावरच्या आपल्या ग्रंथात त्यांनी अमेरिकेतील निग्रोंच्या विश्वासघाताचा दाखला दिला आणि अस्पृश्य तो विसरू शकत नाहीत, असे बजावले. त्या विश्वासघाताला एक अपवाद होता. तो अपवाद कसा घडला, हे आपण समजून घेतले पाहिजे.

दक्षिण कॅरोलिना राज्याच्या दक्षिण टोकाला ब्यूफर्ट काउंटी आहे. खाड्या, दलदल आणि बेटे. लांब धाग्याच्या कापसावर इथले गोरे मळेवाले गब्बर झाले होते. ७ नोव्हेंबर १८६१ रोजी उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी जिंकली आणि हे मळेवाले घरदार टाकून पळाले. मागे राहिले सुमारे १०,००० गुलाम. कर थकला म्हणून सरकारने मळे ताब्यात घेऊन लिलावात काढले. बरीच जमीन उत्तरेच्या सट्टेबाजांनी उचलली, पण कालच्या गुलामांनीही पैसे जोडून तुकडे विकत घेतले.

इथेच सगळा फरक आहे. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने किनाऱ्यावरची जमीन ४० एकरांपर्यंतच्या तुकड्यांत मुक्त गुलामांना देण्याचा हुकूम काढला होता. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने ती जमीन जुन्या मालकांना परत करायला लावली. जवळच्याच एडिस्टो बेटावरची माणसे अशी बेदखल झाली. ब्यूफर्टमधल्या लिलावाच्या खरेद्या मात्र टिकल्या. एकाला लष्करी हुकूम मिळाला होता, दुसऱ्याला खरेदीखत.

रॉबर्ट स्मॉल्स हा इथलाच, १८३९ साली ब्यूफर्टमध्ये गुलाम म्हणून जन्मलेला. मे १८६२ मध्ये त्याने चार्ल्स्टन बंदरातून शत्रूचे 'प्लँटर' हे जहाज कुटुंबासह पळवून उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केले. ज्या घराच्या मागच्या खोपटात तो जन्मला, ते मालकाचे घर त्याने कराच्या लिलावात विकत घेतले. जुना पक्ष ते परत मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि हरला. १८६८ च्या राज्यघटना परिषदेत सार्वजनिक मोफत शाळांसाठी झटणाऱ्यांत स्मॉल्स होता. पुढे तो अमेरिकन काँग्रेसमध्ये गेला.

१८७७ नंतर उत्तरेने हात झटकले आणि दक्षिणेत दहशतीचे राज्य आले. तरी १८९५ साली कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढण्यासाठी नवी घटना परिषद भरली, तेव्हा तिथे सहा कृष्णवर्णीय प्रतिनिधी पोहोचले आणि त्यांतले पाच ब्यूफर्टचे होते! संख्याबळ हे एक कारण खरेच, कारण काउंटीत ते प्रचंड बहुसंख्य होते. पण संख्या इतर काउंट्यांतही होती. मालकाच्या जमिनीवर वाट्याने राबणाऱ्याला मत देताना मालकाचे तोंड पाहावे लागते. स्वतःच्या दहा एकरांवर भुईमूग लावणाऱ्याला तेवढे पाहावे लागत नाही. बाबासाहेब महार वतनाच्या मागे १९२८ पासून का लागले होते, ते इथे कळते.

मताधिकार शेवटी गेलाच. जमीन त्यानंतरही राहिली, आणि ती गेली ती बंदुकीने नव्हे, दाव्याने. १९५६ साली हिल्टन हेड बेटावर पूल झाला. त्यामागून गोल्फची मैदाने, रिसॉर्ट आणि फाटकबंद वसाहती आल्या. गोऱ्यांच्या कोर्टावर विश्वास नसल्याने अनेकांनी मृत्युपत्रेच केली नव्हती. जमीन सगळ्या वारसांची सामाईक राहिली. आपल्याकडे सातबाऱ्यावर चाळीस नावे असतात, तसेच. बिल्डर दूर शहरात राहणाऱ्या एका वारसाचा हिस्सा स्वस्तात घेई, वाटपाचा दावा लावी, आणि तुकडे पाडणे शक्य नाही म्हणून कोर्ट सगळी जमीन लिलावात काढी. कायदेशीर, अगदी शिस्तीत! लिलावाने आलेली जमीन लिलावानेच गेली. काही कुटुंबांच्या दफनभूमी आता त्या फाटकांच्या आत आहेत.

या वाटपाच्या दाव्यांना आवर घालणारा कायदा राज्याने २०१६ साली केला. त्याला नाव दिले क्लेमेंटा पिंकनी यांचे. ब्यूफर्टमध्ये जन्मलेले हे राज्य सिनेटर २०१५ साली चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या वर्णद्वेष्ट्याच्या गोळ्यांना बळी पडले. सेंट हेलेना बेटावर तर काउंटीने १९९९ पासूनच गोल्फची मैदाने, रिसॉर्ट आणि फाटकबंद वसाहतींना बंदी केली आहे. २०२३ साली एका विकासकाने आपल्या जागेपुरती ती उठवायला सांगितली. बेटावरचे लोक काउंटी कौन्सिलच्या सभांना गर्दी करून बसले, कौन्सिलने नकार दिला, आणि विकासक कोर्टात गेला.