बाहत्तरचा दुष्काळ मोजणारी माणसं

मराठवाड्यात साठी ओलांडलेल्या कुणाशीही पावसाचा विषय काढा, पाच मिनिटांत गाडी बाहत्तरवर येते. आमच्या घरात तर प्रत्येक उन्हाळ्यात येते. लाल मिलोची भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, उन्हात खडी फोडणाऱ्या बायका, झाडाला बांधलेली झोळी. आजीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, "काम होतं म्हणून जगलो." ती धान्य होतं म्हणून असं म्हणायची नाही, सरकार होतं म्हणून असंही नाही. काम होतं म्हणून!

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो, पण त्याचा अर्थ कळला तो बऱ्याच वर्षांनी, अर्थशास्त्रातली काही पुस्तकं हाती लागल्यावर. आजीने चार शब्दांत सांगितलेली गोष्ट जगभरच्या अभ्यासकांनी शेकडो पानांत सिद्ध केलेली आहे. मंडळी, आजचा लेख त्या अभ्यासकांवर आहे. आकडे येतील थोडे, सांभाळून घ्या.

"बाहत्तरला भूकबळी पडले नाहीत" असं आपण सहज म्हणून जातो. पण हे कळलं कसं? कुणीतरी गावोगाव जाऊन विचारलं असेल ना, की बाबा रे, किती खाल्लं, काय विकलं, कोण कामावर गेलं, किती दिवस गेलं? तशी माणसं होती, आणि त्यातली काही आपल्याच शहरात होती. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, म्हणजे तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचं. तिथल्या अर्थशास्त्राच्या व्ही. व्ही. बोरकर आणि एम. व्ही. नाडकर्णी यांनी दुष्काळाचा ग्रामीण जीवनावर काय परिणाम झाला याचा अभ्यास केला. त्यांचं 'इम्पॅक्ट ऑफ ड्राउट ऑन रूरल लाइफ' हे पुस्तक १९७५ साली आलं. त्याच वर्षी प्रशासनात काम केलेल्या व्ही. सुब्रमण्यन यांचं 'पार्च्ड अर्थ' आलं. पुढे ज्याँ द्रेझ यांनी भारतातल्या दुष्काळनिवारणावर जो मोठा निबंध लिहिला त्यात महाराष्ट्राचा भाग अशाच स्थानिक पाहण्यांच्या आधारावर उभा आहे. जगाला जो 'महाराष्ट्राचा धडा' माहीत आहे, त्याची कच्ची वही इथल्या लोकांनी भरलेली आहे. शहरात हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. (आपल्याकडे पर्यटकाला पाणचक्की दाखवतात, ते ठीकच आहे.)

तसं दुष्काळ मोजण्याचं काम महाराष्ट्रात जुनं. १८७६-७८ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून वृत्तान्त मागवले आणि सरकारच्या आकड्यांसमोर आपले आकडे ठेवले. दुष्काळी कामांवरची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांनी कापली तेव्हा मजुरांनी काम सोडलं, संपच तो. नंतर फॅमिन कोड आले, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचं याचे लेखी नियम. १८९६ ला टिळकांनी हेच नियम लोकांना समजावून सांगितले, की नियमात आहे ते मागा. आपला मराठवाडा मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथे ना सार्वजनिक सभा, ना केसरीची ती चळवळ. त्यामुळे 'मागून घेणं' आपल्याकडे उशिरा आलं असं मला वाटतं. चूक असेन तर जाणकारांनी कान धरावा.

आता बाहत्तर. पाऊस १९७० पासूनच दगा देत होता, १९७२ ला कहर झाला. तेव्हा जालनाही औरंगाबाद जिल्ह्यातच होता (वेगळा झाला १ मे १९८१ ला). मुख्यमंत्री वसंतराव नाईक. रस्ते, पाझर तलाव, नाला बंडिंग, खडी केंद्रं अशी कामं निघत गेली आणि मे १९७३ मध्ये कामावरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या जवळ पोचली. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी. म्हणजे लेकराबाळांसकट मोजलं तरी दर दहा माणसांतला एक जण त्या महिन्यात सरकारी कामावर माती उचलत होता. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा भागाकार करून पाहिला.

याच सुमारास आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला साहेल म्हणतात त्या पट्ट्यातही दुष्काळ होता. तिथे माणसं मोठ्या संख्येने मेली. द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले, तर दरडोई धान्य महाराष्ट्रातच कमी होतं! तरी इथे मृत्यूचं प्रमाण फारसं वाढलं नाही. का? कारण कामावरच्या मजुरीमुळे गरिबाच्या हातात पैसा होता, आणि जे थोडं धान्य होतं ते वाटलं गेलं. रेशनवर भरवसा नव्हता, परराज्यातून धान्य आणायला व्यापाऱ्यांना बंदी होती. पण विकत घेणारा उभा आहे म्हटल्यावर धान्य चोरवाटेनेही आलं. म्हणजे आजी बरोबर होती. धान्य म्हणून नव्हे, काम म्हणून.

हे सरकारने आपणहून केलं असंही नाही हं. मोर्चे निघाले, कामं काढा म्हणून लोक तहसीलवर बसले, मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकरांचे लाटणे मोर्चे गाजले.

पण या पाहण्यांचं खरं मोल मला दुसरीकडेच दिसतं. 'भूकबळी नाहीत' या शब्दांमागे काय काय दडतं ते त्यांनी दाखवलं. जमिनी अपेक्षेपेक्षा फार कमी विकल्या गेल्या, पण जनावरं गेली. काही मेली, काही मिळेल त्या भावाला बाजारात गेली. बैलजोडी गेलेला शेतकरी पुढच्या पावसात पेरणार कशाने? आमच्याच घरातला बैल तेव्हा गेला तो परत आला नाही, त्यानंतर भाड्याच्या औतावर शेती चालली. असं नुकसान मृत्यूच्या नोंदवहीत येत नाही, घरी जाऊन विचारावं लागतं.

वि. स. पागे यांच्या डोक्यातली रोजगार हमी १९७२ लाच जाहीर झाली होती. दुष्काळी कामांच्या धबडग्यात ती बाजूला राहिली आणि नंतर पुन्हा सुरू झाली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागा, पंधरा दिवसांत मिळेल, नाही मिळालं तर भत्ता. भत्ता किमान एक रुपया रोज, हसू नका. दुष्काळात तात्पुरतं केलेलं काम कायमचा हक्क झालं, आणि २००५ चा केंद्राचा कायदा त्याच वळणाने गेला. पैसा कुठून आला? नोकरदार भाच्यांनो, पगाराच्या स्लिपवर प्रोफेशन टॅक्सचे दोनशे रुपये कापलेले दिसतात ना, तो कर १९७५ साली याच योजनेसाठी लागला.

बोगस मस्टर, पहिल्या पावसात वाहून गेलेले रस्ते, चौकड्यांच्या मापात मारलेली मजुरी, हे सगळं झालं आणि तेही अभ्यासकांनीच लिहून ठेवलं. १९८८ ला मजुरीचे दर वाढले, तर कामावरची हजेरी उलट घटली. मार्टिन रॅव्हॅलियन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये नेमका प्रश्न विचारला, की ही हमी खरंच हमी आहे का? दर वाढवायचे आणि कामंच कमी काढायची, ही युक्ती आकड्यांतून उघडी पडली.

आता दुष्काळ ठरतो कसा? आधी आणेवारी, मग पैसेवारी, ५० पैशांच्या आत आली की टंचाई. २०१६ च्या केंद्राच्या नियमपुस्तिकेने पावसाचा खंड, जमिनीतला ओलावा, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ असे निकष आणले. चांगलंच आहे, तलाठ्याच्या मर्जीपेक्षा उपग्रह बरा. २०१२-१३ ला धान्य होतं, पाणी नव्हतं, तेव्हा टँकर मोजले, छावणीतली जनावरं मोजली. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्याच्याही फेऱ्या मोजल्या. पण उपग्रहाला पीक दिसतं, घर दिसत नाही. टँकरच्या रांगेत उभं राहण्यासाठी कुठली मुलगी शाळेतून काढली, हे कुठल्या रकान्यात येतं? बोरकर-नाडकर्णींनी जे केलं ते विद्यापीठातली पोरं आजही करू शकतात. दोन गावं, शंभर घरं, एक वही. खर्च फार नाही.

तूर्त आपण घरचं तरी लिहून ठेवू. मामा, आत्या, वैजापूरचे काका, तुमच्यापैकी जे त्या कामांवर गेले होते त्यांनी मला कळवा: कुठलं काम, किती महिने, हातात रोज किती पडले, घरातून काय विकलं आणि कितीला. आठवत असेल तर मुकादम कसा होता तेही.