कोले-कल्याणचा भाजीमळा : मीठ, विहीर आणि पहिला वसंत

वाकोल्यातील एखाद्या इमारतीचे जमिनीचे कागद पाहा. गावाच्या रकान्यात आजही ‘कोले-कल्याण’ हे नाव आढळते. साष्टी बेटावरील हे जुने महसुली गाव. कलिना आणि तेथील विद्यापीठाचे संकुलही याच्याच हद्दीत येते. विमानतळ आणि वसाहती येण्यापूर्वी या सखल पट्ट्यात भात पिके आणि भातानंतर भाजी.

युरोपात वसंत म्हणजे पेरणीचा आरंभ. साष्टीत क्रम उलटा. येथे नव्या मळ्याची आखणी भात कापून झाल्यावर, दिवाळीच्या सुमारास सुरू होई. वसंत उगवे तेव्हा मळ्याच्या खऱ्या परीक्षेला तोंड फुटे.

पहिला शत्रू मीठ. वाकोला नाला मिठी नदीला मिळतो आणि मिठी माहीमच्या खाडीला. त्यामुळे भरतीचे पाणी या भागात दूरवर आत शिरे. अशी खाजण जमीन लागवडीस आणण्यासाठी आधी बांध घालून भरती अडवावी लागे, मग पावसाने मीठ धुऊन निघण्याची वाट पाहावी लागे. एका पावसाळ्यात हे काम आटोपत नसे. आरंभीची वर्षे खारेपणा सोसणाऱ्या भातावरच काढावी लागत. भाजीच्या अंगी तेवढा सोशिकपणा नाही. म्हणून मळ्याची जागा थोड्या उंचवट्यावर, गोड्या विहिरीच्या आसपास शोधली जाई.

दुसरी ओढाताण शेणाची, आणि इतिहासाच्या पुस्तकांत ती फारशी येत नाही. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये राबाचे वर्णन आहे: भाताचे रोप जेथे टाकायचे तेथे शेण, झाडांच्या डहाळ्या, गवत आणि माती यांचे थर रचून उन्हाळ्यात भाजत. चुलीलाही शेणच हवे. या दोन वाटण्यांतून जे उरे, ते मळ्याचे खत. नवा मळा सुरुवातीस लहान का ठेवत, याचे एक उत्तर गोठ्यातील जनावरांच्या संख्येत दडलेले आहे.

त्यानंतर ढेकळे फोडणे, वाफे बांधणे, पाट काढणे. वांगी-मिरचीची रोपे आधी वेगळ्या वाफ्यात वाढवून मग लावत. मुळा आणि माठ मात्र थेट पेरत. विहिरीचे पाणी रहाटाने किंवा लाटेने उपसले जाई. समुद्राजवळच्या विहिरी उन्हाळ्याकडे मचूळ होतात. शिमग्यानंतरही विहीर गोडी राहिली, तरच पुढच्या वर्षी त्या जागेवर कष्ट घेण्यात अर्थ होता.

दुसऱ्या महायुद्धात या जमिनीकडे दोन वेगळ्या नजरांनी पाहिले गेले. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत शिधावाटप सुरू झाले; युद्धकाळात सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीमही चालवली. त्याच काळात शेजारी सांताक्रूझच्या तळावर रॉयल एअर फोर्सची पथके होती. धान्य पिकवा म्हणणाऱ्या सरकारलाच धावपट्टीसाठी सपाट जमीनही हवी होती! १९४८ नंतर तेथे नागरी विमानतळ वाढला. १९५० मध्ये मुंबईची हद्द उत्तरेकडे सरकली आणि या शेतांवर शहराचे नियम लागू झाले.

मोहिमेचे नाव मात्र रेल्वेने जपले. रुळांलगतची जमीन कर्मचाऱ्यांना भाजीसाठी देण्याच्या योजनेला हेच नाव होते. तेथे नवा वाफा करताना आधी खडी आणि प्लास्टिक वेचावे लागे, आणि जवळ विहीर नसल्यास नजर नाल्याकडे वळे. त्या पाण्यावरून वादही झाले आहेत. माठ आणि पालक काही आठवड्यांत काढणीस येतात, त्यामुळे रुळांकडेला याच भाज्या अधिक दिसत.