बेव्हरिज, आल्बर्ट जेरेमाया

बेव्हरिज, आल्बर्ट जेरेमाया : (६ ऑक्टोबर १८६२ – २७ एप्रिल १९२७). अमेरिकन राजकारणी, वक्ता व चरित्रकार. सागरापार साम्राज्यविस्ताराचा कट्टर पुरस्कर्ता आणि कारखानदारीवर सरकारी अंकुश हवा म्हणणारा सुधारक, या दोन्ही नात्यांनी तो प्रसिद्ध आहे.

त्याचा जन्म ओहायओ राज्यात शेतकरी कुटुंबात झाला. बालपण इलिनॉयमध्ये गेले. नांगर धरण्यापासून लाकूडतोडीपर्यंत कष्टाची कामे त्याने केली. १८८५ मध्ये पदवी मिळवून त्याने इंडियानापोलिस येथे वकिली सुरू केली. फर्ड्या वक्तृत्वामुळे रिपब्लिकन पक्षात त्याचे नाव झाले. स्पेनशी युद्ध झाले त्याच वर्षी, १६ सप्टेंबर १८९८ रोजी, त्याने ‘मार्च ऑफ द फ्लॅग’ हे विस्तारवादी भाषण केले.

१८९९ मध्ये इंडियानातून सिनेटवर निवड होताच, जागेवर बसण्याआधीच तो स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात आलेल्या फिलिपीन्सला जाऊन तेथील युद्ध पाहून आला. ९ जानेवारी १९०० रोजी सिनेटमध्ये त्याने फिलिपीन्स कायम ताब्यात ठेवण्याची मागणी केली. चीनची बाजारपेठ आणि फिलिपीन्समधील जमीन, लाकूड व खनिजे यांची मोजदाद करताना एका ओढ्याकाठी सापडलेला शुद्ध सोन्याचा खडाही आपल्यापाशी असल्याचे त्याने सांगितले. फिलिपिनो लोक स्वराज्याला पात्र नाहीत, हे वंशवादी गृहीत या मांडणीच्या मुळाशी होते. नव्या प्रदेशांवर कारभार करण्याचा पूर्ण अधिकार संविधानाने काँग्रेसला दिला आहे, असा कायदेशीर आधारही त्याने दिला. त्याच्याच पक्षाचे वयोवृद्ध सदस्य जॉर्ज होर यांनी लगेच उत्तर दिले : या वर्णनात हक्क, न्याय, कर्तव्य व स्वातंत्र्य हे शब्द कोठेच आले नाहीत.

अंतर्गत सुधारणांसाठीही बेव्हरिजने काँग्रेसच्या व्यापक अधिकाराचाच आश्रय घेतला. अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’ या कादंबरीने शिकागोच्या खाटीकखान्यांतील घाण चव्हाट्यावर आणल्यावर त्याने १९०६ मध्ये मांसतपासणीची तरतूद मांडली. डब्यांवर तारीख छापावी व तपासणीचा खर्च मांसकंपन्यांनी सोसावा, ही कलमे प्रतिनिधिगृहाच्या विरोधामुळे गळाली. खर्च सरकारी तिजोरीवर पडला. तरीही ३० जून १९०६ रोजी कायदा झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने बालमजुरीविरोधी विधेयक आणले. १४ वर्षांखालील मुले राबवणाऱ्या कारखान्यांचा व खाणींचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी, ही त्यातील युक्ती होती. जानेवारी १९०७ मध्ये तीन दिवस बोलताना त्याने गिरण्या, काच-कारखाने व कोळसाखाणींतील मुलांविषयीची शपथपत्रे वाचून दाखवली. विधेयक बारगळले. १९१६ मध्ये त्याच धर्तीचा कायदा झाला. १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला.

पेन-ऑल्ड्रिच जकात कायद्याला विरोध करून त्याने पक्षातील सनातन्यांचा रोष ओढवून घेतला आणि १९११ मध्ये त्याची सिनेटची कारकीर्द संपली. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्टच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या शिकागो अधिवेशनात बीजभाषण त्याने केले. त्या वर्षी इंडियानाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक मात्र तो हरला. पुढे तो चरित्रलेखनाकडे वळला. संघराज्याच्या अधिकारांचा पाया घालणारे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांचे त्याने लिहिलेले चार खंडांचे चरित्र (१९१६–१९) १९२० च्या पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी ठरले. लिंकनचे चरित्र अपुरे असताना इंडियानापोलिस येथे त्याचे निधन झाले.