पिसारोचा कुंचला

चित्रावर कुंचल्याची खूण दिसता कामा नये, असा एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच अकादमीचा दंडक होता. रंग इतका घोटावा की, चित्रकाराचा हात तेथे फिरला होता ह्याचा मागमूसही उरू नये. असे गुळगुळीत चित्रच ‘पूर्ण’ समजले जाई. हा दंडक मोडणाऱ्या दृक्प्रत्ययवादी चित्रकारांत वडीलकीचा मान होता कामीय पिसारो (१८३०–१९०३) ह्याचा.

ह्या बंडाला साधनांचीही साथ लाभली. पूर्वी तयार तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत. १८४१ साली जॉन रँड ह्या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या नळीचे पेटंट घेतले आणि रंगपेटी घेऊन शेताच्या बांधावर बसणे सुकर झाले. धातूच्या पट्टीत आवळलेले, राठ केसांचे चपटे कुंचलेही ह्याच शतकात रूढ झाले. त्यांनी दाट रंगाचा आखूड, रुंद फटकारा मारता येई. ऊन सरकण्यापूर्वी ते कॅनव्हासवर धरायचे, तर असाच चपळ हात हवा होता.

१८७० साली फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले. पिसारो लूव्हसिएनचे घर सोडून लंडनला गेला. परतून पाहतो तो, घराचा ताबा घेतलेल्या प्रशियन सैनिकांनी चित्रांची नासधूस केलेली! सुमारे १५०० चित्रांपैकी जेमतेम ४० हाती लागली. अनेक वर्षांची मेहनत मातीमोल झाली. तरी चाळिशी उलटलेल्या ह्या माणसाने पुन्हा कुंचला उचलला.

१८७३ मधील त्याचे ‘गोठलेले दव’ हे चित्र पाहावे. पाठीवर मोळी घेतलेला एक म्हातारा शेतवाटेने चालला आहे. चित्राबाहेरच्या झाडांच्या सावल्या नांगरटीवर आडव्या पडल्या आहेत. रंगही ढेकळांसारखाच जाड, कोरडा, खरबरीत. एप्रिल १८७४ मध्ये पॅरिसला ह्या मंडळींचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. तेव्हा ‘शारिवारी’ पत्रात लुई लरवा ह्याने ह्या चित्राची टर उडविली : ही तर मळक्या कॅनव्हासवर फासलेली रंगपाटीची खरवड!

पिसारो डगमगला नाही. १८८६ पर्यंत भरलेल्या आठही प्रदर्शनांत भाग घेणारा तो एकटाच. मात्र तो आपल्या रीतीतही अडकून पडला नाही. पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, आपल्याहून कितीतरी तरुण असलेल्या जॉर्ज सराचे शिष्यत्व पत्करून तो ठिपक्याठिपक्यांनी रंगवू लागला. पण ती पद्धत फार संथ. मनातली संवेदना हातात उतरेपर्यंत विरून जाई. काही वर्षांतच त्याने ती सोडली. उतारवयात डोळ्यांच्या विकाराने उघड्यावर बसणे अवघड झाले, तेव्हा हॉटेलच्या खिडकीत बसून त्याने पॅरिस आणि रूआँचे रस्ते रंगविले.

‘गोठलेले दव’ आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. लरवाने ज्याला खरवड म्हटले, त्या फटकाऱ्यांतच मोळीवाल्याच्या कष्टांबरोबर चित्रकाराचे कष्टही उघड दिसतात. ते लपवावेत असे पिसारोला कधी वाटले नाही.