चवदार तळ्यावर कॅमेरा नव्हता

२० मार्च १९२७ ला महाडमध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यांच्यामागोमाग आपली माणसे तळ्यात उतरली. या प्रसंगाचे चलचित्रण आपल्याकडे नाही. तेव्हा महाराष्ट्रात सिनेमा नव्हता, असे मात्र नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ लाच पडद्यावर आला होता. पण कॅमेरा बहुतांशी देवादिकांच्या आणि राजांच्या कथांत रमला होता.

मग महाड आपल्यापर्यंत पोहोचले कसे? आपल्या माणसांनी ते सांगितले म्हणून. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा त्याच दिवशी उठवली गेली. परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली. नंतर पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. हे करणाऱ्यांचीच बाजू इतिहास म्हणून उरली असती. पण पंधरवड्याच्या आत, ३ एप्रिल १९२७ ला, बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले आणि महाडची हकीकत आपल्या बाजूने मांडली. परिषदेच्या तयारीसाठी झटलेले आर. बी. मोरे याच परिसरातले. त्यांचे आत्मचरित्र त्या तयारीची साक्ष देते. त्याही आधी, १८८८ मध्ये, महाडजवळच्या रावढळच्या गोपाळबाबा वलंगकरांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले होते. आपली गोष्ट आपणच सांगायची, ही या मातीची जुनी रीत आहे.

स्वतंत्र माहितीपट हे आम्हाला त्याच रीतीचे पुढचे पाऊल वाटते. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने अनेक वर्षे चित्रपटगृहांतून सरकारी माहितीपट दाखवले. धरणे दिसली, कारखाने दिसले, मंत्र्यांची उद्घाटने दिसली. वस्तीतला माणूस स्वतःच्या आवाजात क्वचितच बोलला.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन कॅमेरा घेऊन तिथे गेले आणि चौदा वर्षे चित्रण करत राहिले. २०११ चा 'जय भीम कॉम्रेड' त्यातून घडला. वर्तमानपत्रांनी आकडा छापला आणि ती पुढे गेली. माहितीपट मागे राहिलेल्या घरांत थांबला. आकड्याला चेहरा आणि आवाज मिळाला. गोष्ट सांगण्याची ताकद ती हीच.

तरी एक प्रश्न उरतो. कॅमेरा कोणाच्या हातात? सहानुभूती बाळगणाऱ्यांचे काम आम्ही नाकारत नाही. महाडच्या लढ्यात अनंत चित्रे आणि सुरबानाना टिपणीसही होतेच. पण नेतृत्व आणि शब्द आपले होते. म्हणूनच सोमनाथ वाघमारे यांचा भीमा कोरेगाववरचा २०१७ चा माहितीपट आणि त्यानंतरचा 'चैत्यभूमी' आम्हाला महत्त्वाचे वाटतात. इथे कॅमेरा धरणारा गर्दीकडे लांबून पाहत नाही, तो त्या गर्दीतलाच आहे.

आता महाड-पोलादपूरकडे या. १९२३ चा बोले ठराव, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव, १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल, हे सारे कागदावर आहे. पण परिषदेहून घरी परतलेल्यांचे गावात काय झाले? कोणाचे काम बंद झाले? कोणत्या विहिरीवर कोणी अडवले? डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांचे भाषण ऐकून आलेल्या बायांनी घरी काय बदलले? हे कागदात फारसे सापडणार नाही. ते आहे घराघरांतल्या आठवणींत. त्या आठवणी आजी-आजोबांकडून ऐकलेली माणसेही आता म्हातारी झाली आहेत. कोकणातली कितीतरी घरे पोटासाठी मुंबईला गेली आणि गावातल्या दारांना कुलपे लागली. एक माणूस गेला की त्याच्यासोबत एक साक्षही जाते.

२० मार्च २०२७ ला त्या घटनेला शंभर वर्षे होतात. तरुणांनो, तळ्यावर सेल्फी जरूर काढा, पण तोच मोबाईल घेऊन एखाद्या वाडीतही जा. आधी परवानगी घ्या. नाव, गाव, तारीख नोंदवा. मध्ये बोलू नका, ऐका. ज्यांनी सांगितले त्यांनाच आधी दाखवा, आणि चित्रणाच्या दोन-तीन प्रती जपून ठेवा.

१९२७ ला आपल्याकडे कॅमेरा नव्हता. आज प्रत्येकाच्या खिशात आहे. आता सबब उरलेली नाही.

जय भीम!